एकीकडचाच ढग

मी एक जुनी धातूची पट्टी आहे, मित्रांनो. सध्या मुक्काम चहाच्या कपाखाली. हसू नका! एकेकाळी मी भल्याभल्यांच्या नाकांची परीक्षा घेतली आहे.

एका कारागिराने मला घासूनपुसून आरशासारखी चकचकीत केली आणि अंगावर कमानीसारख्या रेघा कोरल्या. मोठे डॉक्टर मला गार पाण्यात बुडवत, कोरडी करत आणि रुग्णाच्या नाकाखाली आडवी धरत. "तोंड मिटा. आता नाकानं श्वास सोडा." असं ते म्हणत आणि माझ्यावर वाफेचे दोन ढग उमटत, एकेका नाकपुडीचा एकेक. ढग लहान, म्हणजे ती बाजू चोंदलेली. ढगच नाही, म्हणजे बंद. हातच्या काकणाला आरसा कशाला?

एकदा एका चिमुरड्याच्या नाकातून कितीतरी दिवस घाण वास येत होता. घरचे म्हणत, सर्दी आहे, जाईल. माझ्यावर एकच ढग उमटला. मोठ्या डॉक्टरांनी बंद बाजूला बारीक चिमटा घातला आणि शर्टाचं बटण बाहेर काढलं. "शाब्बास गं माझी पट्टी!" म्हणाले. ते शब्द मी अजून जपून ठेवले आहेत. दुसरं आहे काय माझ्याकडे?

मोठे डॉक्टर वारले. खुर्चीत त्यांचा मुलगा बसला आणि टेबलावर मास्कचं यंत्र आलं. नाकानं जोरात श्वास ओढायचा, काटा सरकतो, एक आकडा मिळतो. यंत्र वाईट नाही हो, मी कशाला खोटं बोलू? पण ते दोन्ही नाकपुड्यांची हवा एकत्र मोजतं. एक बंद आणि दुसरी मोकळी असली, तरी आकडा बरा येऊ शकतो. हे धाकट्या डॉक्टरांना कोण सांगणार? त्यांनी मला कपाखाली सरकवलं. गरज सरो, वैद्य मरो!

परवा एक मुलगी आईबरोबर पुन्हा आली. नाकातून पिवळा शेंबूड, त्याला कुजका वास.

"वर्गात हिला एकटीला शेवटच्या बाकावर बसवतात हो डॉक्टर," आई रडकुंडीला आली होती. "मैत्रिणी नाक धरून पळतात. औषधं घेऊन घेऊन थकलो."

"आकडा छान आहे हिचा. सर्दीच आहे. थेंब चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

चहा अजून यायचा होता. एसीनं मी गारठले होते. मुलीनं चाळा म्हणून मला उचललं, नाकाशी धरलं, तोंड मिटून श्वास सोडला. डावीकडे चांगला मोठा ढग उमटला. उजवीकडे काहीच नाही!

मी जीव तोडून ओरडले, "अहो, इकडे बघा! हिच्या नाकात काहीतरी अडकलंय!" पण पट्टीचं कोण ऐकतं?

"आई, बघ ना, एकीकडेच ढग आला."

"ठेव ते खाली. डॉक्टर रागावतील."

डॉक्टरांनी फोन कानाला लावूनच मला तिच्या हातातून घेतलं, रुमालानं खसाखसा पुसलं आणि होते तिथे ठेवलं. मायलेकी थेंबांची नवी बाटली घेऊन निघून गेल्या. चहा आला. कप माझ्यावर बसला.

मला कपाखाली ठेवलंत, ठेवा. ते दुःख मी केव्हाच गिळलं. पण मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठेपणी डॉक्टर झालं, तर एवढं करा: पुसण्याआधी बघा. ती मुलगी उद्याही शेवटच्या बाकावर एकटीच बसणार आहे.