चौथा वाटा

सदानंदने बत्ती लसूणघासाच्या शेंड्यांवरून हळूहळू डावीकडे नेली आणि मध्येच हात थांबवला. चाळीसेक पावलांवर दोन तांबूस ठिणग्या बत्तीला लागल्या होत्या, सशाचे डोळे. त्याने श्वास रोखला, प्रकाश तसूभरही हलू दिला नाही. खाली पुढच्या सीटवरून बंदुकीची नळी खिडकीबाहेर आली, तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला झालं आणि बार उडाला. ठिणग्या विझल्या.

अबू राशिद खिडकीतूनच म्हणाले, "शाबास, सदानंद."

तेवढ्या एका शब्दाने पन्नाशीकडे झुकलेला हा माणूस पिकअपच्या हौद्यात उभ्याउभ्या मोहरून गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते त्याला अजून कळायचं होतं. मागच्या आठवड्यात ऑफिसात चहाच्या वेळी अबू राशिद, म्हणजे कंपनीचे मालक, सगळ्यांचे अरबाब, सशांच्या नावाने खडे फोडत होते. वाळवंटातल्या धैदच्या त्यांच्या शेतावरचा निम्मा लसूणघास रात्रीत फस्त होतो, बकऱ्यांना उरत नाही. तेव्हा सदानंदला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, तो बोलून गेला की लहानपणी लांज्याला आपण राजाभाऊमामाची बत्ती धरायचो आणि मामाचं एकही काडतूस वाया जायचं नाही. गुरुवारी संध्याकाळी नहदातल्या त्याच्या बिल्डिंगखाली गाडी हजर. मालकाने बोलावल्यावर नाही कोण म्हणणार? दार लावताना बायको, प्रमिला, म्हणाली, सोनापूरच्या मजूर-कॅम्पातली चारशे माणसं सांभाळून तुमचं भागत नाही वाटतं, आता ससेही. मुलाने, वेदांगने, कॉम्प्युटरवरची नजर न काढता "बाबा, दॅट्स सो मीन" एवढं ऐकवलं.

इथे आल्यावर मात्र घर, ऑफिस, सगळं मागे पडलं. मार्चचं धुकं गुडघाभर साचलं होतं. खजुरांचे बुंधे त्यात बुडाले होते आणि शेंडे तेवढे वर तरंगत होते. ओल्या घासाचा वास येत होता. शेतावरचा राखणदार जमाल गाडी इतकी सावकाश चालवत होता की गाडी चालतेय की शेतच मागे सरकतंय ते उमगेना. बत्ती वळवता वळवता सदानंदला मधूनच वाटे, हा बांध संपला की आता व्हाळ लागेल, तो ओढा ओलांडला की पलीकडे मामाच्या घराचा दिवा दिसेल. छत्तीस वर्षं कुठे गेली? मनगट तेच होतं आणि मनगटाला सगळं आठवत होतं.

दोन सशांच्या मधल्या वेळेत अरबाबांनी मामाबद्दल विचारलं. मग काय, गड्याची कळी खुलली. हौद्यातून वाकून, खिडकीपाशी तोंड नेऊन, आपल्या मोडक्या हिंदीत त्याने मामाचे कायदे सांगितले. पहिला कायदा, रानात माणूस भेटला तर बत्ती त्याच्या तोंडावर मारायची नाही. आधी स्वतःच्या तोंडावर धरायची, म्हणजे आपण कोण ते त्याला कळतं. दुसरा, शिकारीच्या रात्री ज्याच्यावर बत्ती पडली त्याचा वाटा निघालाच पाहिजे. मग तो गुराखी असो, भावकीतला वैरी असो, नाहीतर खुद्द जंगलखात्याचा गार्ड. वाटा पोटात गेला की तोंड बंद. आमचे गार्डसाहेब तर मुद्दाम बत्तीत येऊन उभे राहायचे, असं तो म्हणाला तेव्हा अरबाब दाढीतल्या दाढीत खूप हसले. जमाल हसला नाही. तो घाम पुसत होता, एवढ्या गारव्यात.

दुसरा ससाही पडला. गाडी शेताच्या टोकाला आली आणि जमालने ती एकदम वळवायला घेतली. त्या बाजूला आजच पाणी दिलंय, चाकं रुततील, असं तो पुटपुटला. अरबाबांनी गाडी बांधावरच उभी करायला लावली. पाणी असलं म्हणून काय, बत्तीला चाकं थोडीच आहेत?

सदानंदने बत्ती फिरवली.

बत्तीला डोळे लागले नाहीत. घासात काहीतरी आडवं दिसलं, पोत्यासारखं. त्याने प्रकाश जरा वर नेला. माणूस होता. उताणा पडलेला, हात अंगाशी घट्ट, बाजूला कुदळ. आणि डोळे गच्च मिटलेले. भीतीने माणूस डोळे विस्फारतो, पण याने मिटले होते, कारण बत्तीवाले डोळेच शोधतात हे त्याला ठाऊक होतं. हे फक्त आपल्याकडच्या माणसाला ठाऊक असणार, हा विचार सदानंदच्या मनात आला आणि त्याच क्षणी त्याला उजव्या भुवईतली खाच दिसली.

दौलत.

ती खाच त्याच्या ओळखीची होती. पासपोर्टवरच्या फोटोत होती आणि तो पासपोर्ट दीड वर्षं सदानंदच्या टेबलाच्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. राजापूरकडचा हा गडी, सेंटरिंगच्या कामावर. त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस अकराव्या मजल्यावरून खाली गेला आणि त्यानंतर याचे पाय वर चढेनात. तो तीनदा ऑफिसात आला होता. साहेब, मला खालचं काम द्या, नाहीतर घरी पाठवा. तिन्ही वेळा सदानंदने मान हलवली आणि म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू, इन्शाल्ला. इथे इतकी वर्षं काढल्यावर तो शब्द त्याच्या जिभेला इतका सरावला होता की नाही म्हणायचे कष्टच पडत नसत. चौथ्यांदा दौलत आला नाही, कॅम्पातूनच नाहीसा झाला. पळाल्याचा रिपोर्ट सदानंदने स्वतः टाइप केला होता.

आणि हा लपला कुठे, तर अरबाबांच्याच शेतात! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

आता काय? अरबाबांना कळलं तर एक फोन, मग पोलीस, मग जेल. बिनकागदाच्या माणसांनी निमूट मायदेशी जावं म्हणून सरकारने माफीची मुदत दिली होती, पण ती आपण होऊन जाणाऱ्याला. पकडला गेलेल्याला कोण विचारतो? आणि त्याही आधी ती बंदूक. धुक्यात हलणारी कुठलीही गोष्ट ससा वाटू शकते. बत्ती धरताना हात कापला तर मामा कानशिलात द्यायचा.

त्याने प्रकाश सावकाश उचलला, बांधावरून, खजुरांवरून नेला आणि पार कुंपणावर सोडून दिला.

खालून अबू राशिदनी विचारलं, "वो क्या था?"

"कुछ नहीं, अरबाब. लोमडी थी. भाग गयी."

इंजिन बंद होतं. पाटातून पाणी वाहत असल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. अरबाब तो ऐकत असावेत. मग म्हणाले, यल्ला, खलास, आजच्यापुरतं पुरे.

पंपाच्या खोलीपाशी पिवळा बल्ब होता. त्याच्या उजेडात जमालने ससे सोलले, फळीवर तोडले. सदानंद पाण्याच्या टाकीवर बसून बघत होता. खरं तर काहीच बघत नव्हता. आपण खोटं बोललो हे त्याला खुपत नव्हतं. दीड वर्षांपूर्वी तीनदा बोललो तेही खोटंच होतं आणि ते तेव्हा जराही खुपलं नव्हतं, हे त्याला आता खुपत होतं. तो बिचारा ओल्या चिखलात किती वेळ पडून राहील? गाडी गेल्याची खात्री होईतो. म्हणजे पहाटेपर्यंत.

जमालने खजुराच्या झावळीवर मांस मांडलं. तीन ढीग. अबू राशिद बंदुकीची नळी पुसत होते, त्यांनी मान वर केली.

"चार," ते म्हणाले.

जमालचा सुरा हातातच राहिला. त्याने आधी अरबाबांकडे पाहिलं, मग सदानंदकडे.

अरबाब हळू आवाजात बोलू लागले. ते रागावले नव्हते. एक साल से जमाल दो आदमी का आटा माँगता है, म्हणाले. और आज जमाल गाड़ी चलाता है, उधर पानी चलता है. पानी को पाँव है क्या? मग ते सदानंदकडे वळले.

"तुम्हारे मामा का क़ायदा. बत्ती जिस पे पड़ी, हिस्सा उसका."

म्हणजे यांनी पाहिलं होतं. सगळं पाहिलं होतं आणि लोमडीही ऐकून घेतली होती. तो उठून काहीतरी सांगू लागला, नाव त्याच्या ओठांवरच आलं होतं, पण अरबाबांनी हात वर केला.

"कौन है, मैंने जमाल को नहीं पूछा. तुम भी मत बताओ. हिस्सा दे के आओ."

जमालने चार ढीग केले. चौथा वाटा त्याने फडक्यात बांधला, गाठ दोनदा तपासली आणि बांधताना त्यात आपल्या ढिगातली एक मांडी सरकवली. त्याने आपली हातबत्तीही सदानंदला दिली. कुठे जायचं ते त्याने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

बांधावरून चालताना धुकं छातीपर्यंत आलं होतं. मागचा बल्ब आधी अंधूक झाला, मग दिसेनासाच झाला. सदानंदच्या बुटात पाणी शिरलं. एका हातात फडकं, दुसऱ्यात बत्ती, ती त्याने जमिनीकडे धरलेली. त्याला वाटत होतं की आपण दहा वर्षांचे आहोत आणि मामाने आपल्याला कुणाच्या तरी घरी वाटा पोचवायला पाठवलंय, आणि घर काही केल्या येत नाहीये. कितीदा गेला होता तो असा! दार उघडणारी माणसं किती खूश व्हायची. हा माणूस मात्र आपल्याला पाहिल्यावर धूम ठोकेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

पाटाशी आल्यावर तो थांबला. घास हलत नव्हता. त्याने हाक मारली नाही. बत्ती वळवली आणि स्वतःच्या तोंडावर धरली.

डोळ्यांपुढे नुसता पांढरा उजेड, बाकी काही नाही. त्याला फार उघडं वाटलं. चारशे माणसं त्याच्या टेबलासमोर येऊन उभी राहत, तेव्हा त्यांना असंच वाटत असेल का? मग घास सळसळला. पावलं दोन-तीनदा थबकली आणि जवळ आली.

"काढा ती बत्ती तोंडावरनं, साहेब," दौलत म्हणाला. "ओळखलं मी. आमच्याकडे पण असंच करतात."

सदानंदने बत्ती खाली घेतली. दिपलेले डोळे निवळेपर्यंत समोरचा माणूस त्याला नीट दिसलाच नाही. चिखलाने माखलेला, पूर्वीपेक्षा वाळलेला. हातात कुदळ होती, पण उगारलेली नव्हती. सदानंदने फडकं पुढे केलं.

"काय ते?"

"वाटा. बत्ती पडली होती तुझ्यावर."

दौलतने लगेच हात पुढे केला नाही. अरबाबला कळलं का, हे त्याने आधी विचारून घेतलं. त्यांनीच दिलाय, असं सदानंदने सांगितल्यावर त्याने कुदळ जमिनीत रोवली, दोन्ही हात पाटात खळबळून घेतले, अंगावरच्या कोरड्या जागेला पुसले आणि मग ते पुढे करून वाटा घेतला. गावाकडे घेतात तसाच. घरी रंभा कशी आहे, एवढं सदानंदने विचारलं. बायकोचं नाव साहेबांच्या ध्यानात होतं, याचं दौलतला नवल वाटलेलं दिसलं. फॉर्मवर होतं, सदानंद म्हणाला. दौलतने मान हलवली. मुलगी चालायला लागली म्हणे, एवढंच तो बोलला.

"तुझा पासपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे," सदानंद म्हणाला. "माफीची मुदत पुढच्या महिनाअखेरपर्यंत आहे. तो हातात असला की आपण होऊन जाता येईल, कोणी अडवणार नाही. शनिवारी ऑफिस उघडलं की काढतो आणि संध्याकाळी इथे आणून देतो, इन्शा..."

शब्द अर्ध्यावरच राहिला. दौलतने वाटा छातीशी धरला होता, तो जरा खाली आला.

"तेवढं नका म्हणू, साहेब," तो म्हणाला. "तीनदा म्हणालात तुम्ही."

त्याच्या आवाजात राग असता तर सदानंदला सोसलं असतं. राग नव्हता. शपथ घ्यावी, तर ऑफिसातल्या माणसाच्या शपथेला कोण पुसतं? पाटातलं पाणी बांधाशी तुंबून काठावरून सांडायला लागलं होतं.

त्याने बत्ती पुन्हा वळवली आणि आपल्या तोंडावर धरली.

"शनिवारी आणतो," तो म्हणाला.

समोर पुन्हा तोच पांढरा उजेड. दौलत उभा आहे की निघून गेला, काही कळत नव्हतं. खूप वेळाने कुदळीचा घाव ऐकू आला, बांध फुटला आणि पाणी पुढच्या वाफ्यात धावत गेलं. सदानंदने बत्ती खाली घेतली नाही.