टीपॉयला दगड

चार वर्षांनी आमची अर्पिता नवऱ्याला घेऊन जळकोटला येणार होती. लग्न तिनं जातीबाहेर केलं, आम्ही गेलो नाही. त्यानंतर मी शेतात गेलो की माझी बायको नीलम्मा लेकीला चोरून फोन करायची. मी आडमुठा आहे हे गावाला ठाऊक आहे. पण म्हातारपण काय सोडतं कुणाला? यंदा मीच म्हणालो, ये म्हणावं. लेक यावी आणि येत राहावी, एवढंच मला हवं होतं.

तिच्यासाठी काहीतरी आपल्या हातानं करावं म्हणून अंगणात, कडुलिंबाखाली, टीपॉय करायचं मनावर घेतलं. घरात पत्रे तापतात, लिंबाखाली वारं असतं, चहा तिथंच घेऊ, असं नीलम्माला सांगितलं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि भाजी निवडायला लागली.

पाय सोपे होते. मोडक्या ट्रॉलीचे लोखंडी अँगल पडून होते, ते वेल्डिंग करून आणले. घोडं अडलं ते वरच्या फळीवर. म्हणून बंडप्पा सुताराला बोलावलं. तो माझ्या वर्गातला, त्यामुळं मला कुणी दिली नाही अशी अक्कल तो फुकट देतो.

"प्लायवूड लाव, वरून सनमायका. चकाचक दिसतंय."

"आन पावसात फुगलं म्हंजी?"

"पाऊस आला की उचलायचं, आत न्यायचं."

"आत कशाला न्यायचं?" मी खेकसलो.

घरात बाभळीची एक फळी होती, ती त्यानंच मोडीत काढली. उन्हात पीळ खाते, चिरते म्हणाला. मग त्याला माळ्यावर सागवानी फळी सापडली. त्यानं जरा रंधा मारला, तर आतून मधासारखा रंग निघाला. "हीच लाव महांतप्पा. वर्सातनं एकदा तेल पाज, आपुन जाऊ पर ही जायची न्हाय."

मला फळी आवडली होती. तरी मी नको म्हणालो. चहा सांडला तर लाकूड पिऊन घेतं, डाग आत मुरतो, मग कितीही घासा. बंडप्पा म्हणाला, चहाच हाय, काय ॲसिड हाय का? मी ऐकलं नाही.

हायवेवरच्या दुकानातून शहाबादी फरशी आणली. बोटानं वाजवून घेतली. खणखणीत वाजली, म्हणजे आत चीर नाही. दोन दिवस बसून कडा घासल्या. पाहुण्यांच्या गुडघ्याला लागू नये म्हणून कोपरे गोल केले. फरशी अँगलवर बसली तेव्हा मीच माझ्यावर खूश झालो होतो.

ती दोघं अकराच्या सुमाराला आली. अर्पितानं पाया पडून फरशीवरून हात फिरवला. "अप्पा, तुम्ही केलं हे?"

"मग काय तर!"

जावई, कृष्णराज, खाली वाकून कोपरे बघायला लागला. "कडा सुंदर घासल्यात," म्हणाला. मनापासून म्हणाला. नीलम्मानं चहा आणला. मी रंगात आलो, प्लायवूड कसं फुगतं आणि बाभळ कशी चिरते ते सांगत बसलो.

"सागवान नव्हतं का?" अर्पितानं विचारलं.

"हुतं की. पर लाकडात सगळं मुरतंय. दगडाचं बरं, कुणी का बसंना, पाणी मारलं की झालं मोकळं."

मी चहाच्या डागाबद्दल बोलत होतो. निदान तसं मला वाटत होतं. अर्पिताचा चेहरा बघितला आणि मी काय बोललो ते मला कळलं. तिनं घराच्या उघड्या दाराकडं पाहिलं. आल्यापासून तिला किंवा त्याला आत या असं मी एकदाही म्हणालो नव्हतो.

कृष्णराजनं शांतपणे चहा संपवला. उठला, अंगणातल्या नळावर आपला कप विसळला आणि फरशीवर पालथा ठेवला. नीलम्मा "अवो, ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या" करत धावली. माझ्या वडलांच्या काळी आमचे सालगडी या अंगणात चहा पिऊन अस्साच कप ठेवायचे. त्याच्या घरातलंही कुणीतरी कुठल्यातरी अंगणात तसंच करत आलं असणार. त्याशिवाय हात इतका सहज वळत नाही.

आत चला, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात आला होता, शपथेवर सांगतो. पण मी म्हणालो, "जावईबापू, ऊन लई हाय, गाडी सांभाळून चालवा."

मुक्कामाची बॅग गाडीतून उतरलीच नाही. अर्पिता आईच्या गळ्यात पडली, मला लांबूनच "येते" म्हणाली. गाडी हायवेला लागेपर्यंत मी फाटकात उभा होतो.

"आत चला म्हनाया तुमची जीब झडली व्हती का?" नीलम्मा रडत म्हणाली.

मी मान खाली घालून टीपॉयपाशी गेलो. निदान त्याचा कप तरी आपल्या हातानं आत न्यावा, घरातल्या कपांत ठेवावा, असं मनात होतं. उचलला, वळलो, आणि दाराकडं निघण्याऐवजी नळापाशी जाऊन उभा राहिलो. जावयानं स्वच्छ धुतलेला कप मी पुन्हा एकदा धुतला. पाणी हाताला गार लागलं तेव्हा मी काय करतोय ते ध्यानात आलं, आणि नीलम्मा दारातून बघत होती.