रिकाम्या खुर्चीचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण मला चार पाय नाहीत. एका लहानशा विमानात उजव्या बाजूला मी बसवलेली होते आणि माझ्यावर शिकवणारा माणूस बसत असे. डावीकडे माझी जुळी बहीण होती, तिच्यावर शिकणारे बसत. आता ती नाही आणि ते विमानही नाही. मी उत्तर जर्मनीत, समुद्राच्या बांधाजवळच्या एका गोठेवाल्याच्या स्वयंपाकघरात शेगडीशेजारी पडून आहे. माझ्यावर मांजर झोपते.

आम्हा दोघी बहिणींना वालबुर्गा नावाच्या बाईने शिवले. हलक्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर तपकिरी रेक्झीन. प्रत्येक शिवण घातली की ती स्वतः धपकन बसून बघायची आणि म्हणायची, "माझं वजन पेललं म्हणजे कुणाचंही पेलशील." माझ्या पुढच्या कडेला मधोमध एक खाच ठेवली होती. त्या खाचेतून विमानाचा दांडा वर यायचा. विमानाला दोन दांडे, एक शिकणाऱ्यापुढे आणि एक शिकवणाऱ्यापुढे. आतून दोन्ही जोडलेले, त्यामुळे एक हलला की दुसराही तसाच हलतो. ही खाच लक्षात ठेवा. मला ती विसरता येत नाही.

मग आम्ही बांधाजवळच्या गवती धावपट्टीवर, एका छोट्या क्लबात आलो. तिथे माझ्यावर फोल्कर्ट बसू लागला आणि एकतीस वर्षे तोच बसत राहिला. आठवडाभर शाळेत गणित शिकवायचा आणि शनिवार-रविवार उडायला शिकवायचा, तेही फुकट. माणूस अंगापिंडाने भरभक्कम. माझ्यात आजही जो खड्डा आहे तो त्याचाच. त्याच्या खिशातल्या केकचा चुरा माझ्या शिवणीत अजून सापडेल. विद्यार्थी विमान चालवत असताना त्याचा हात दांड्यापासून दोन बोटांवर, स्वतःच्या गुडघ्यावर निवांत पडलेला असे. पाहणाऱ्याला वाटे, हा झोपला. पण मला त्याच्या मांड्यांचे स्नायू कळायचे. तो कधीच झोपलेला नसे.

या लोकांची एक रीत आहे. विद्यार्थी पहिल्यांदा एकटा कधी उडणार, हे त्याला आधी सांगत नाहीत. शिकवणारा एके दिवशी विमान पट्टीच्या कडेला थांबवायला लावतो, इंजिन चालूच ठेवतो आणि दार उघडून सरळ उतरतो. तेवढ्यात बाकीचे सभासद शेडमागे पळतात आणि दहान नावाच्या काटेरी रानझुडपाची, खाजऱ्या पानांची जुडी कापून आणतात. एकटा उडून आलेल्याने ती उघड्या हातात घट्ट धरायची आणि प्रत्येकाची एकेक चापट ढुंगणावर खायची. बोचले तरी सगळे हसतात. कितीतरी जणांना मी रडता रडता हसताना पाहिले आहे.

उतरण्यापूर्वी फोल्कर्टचे एक काम ठरलेले असे. रिकाम्या खुर्चीचा पट्टा मोकळा राहिला तर हवेत घरंगळतो आणि नको तिथे अडकतो. म्हणून तो माझ्यावरचे पट्ट्याचे दोन्ही तुकडे एकत्र आणून बक्कल लावायचा. टक असा आवाज यायचा. मग माझ्यावर दोन थापा मारून म्हणायचा, "आता तुझी पाळी, सांभाळ." त्रेचाळीस मुलामुलींना मी अशी सांभाळून परत आणली. मला त्याचा गर्व होता. खोटे कशाला बोलू?

मग गेस्के आली. सत्तावीस वर्षांची, गावोगावच्या गोठ्यांमधून दूध गोळा करणारा टँकर चालवायची. पहाटे तीनला उठायची आणि शनिवारी तशीच, अंगाला दुधाचा वास घेऊन माझ्या बहिणीवर येऊन बसायची. घरी ती आणि तिचे वडील हाब्बो, दोघेच. हाब्बोला हे उडणे मुळीच पसंत नव्हते. एकदा तो तिला सोडायला आला आणि कुंपणापाशीच उभा राहिला.

"दूध गोळा करणारीनं आभाळात जाऊन काय करायचं गं? ढगांना आचळं असतात का?"

"बाबा, एकदा ये तर वर. आपल्या गायी वरून मुंग्यांएवढ्या दिसतात."

"मला त्या गायींएवढ्याच दिसू देत. आणि तू घाई करू नकोस. तुला प्रत्येक गोष्टीची घाई."

तिला घाई नव्हती, मित्रांनो. ती हसरी होती, बोलकी होती, पण प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची. फोल्कर्टची मात्र यथेच्छ टिंगल करायची.

"फोल्कर्ट, झोपलास की काय? घोरू नकोस हं, मला वाटतं इंजिन बिघडलं."

"मी झोपलोय म्हणजे तू नीट चालवतेयस असं समज. जागा झालो की घाबर."

त्या क्लबात वयाचा मान नाही, सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. पण तिच्या 'अरे'मध्ये मला लेकीची माया ऐकू यायची. फोल्कर्टला मूलबाळ नव्हते.

जूनमधला तो शनिवार होता. समुद्रावरून मंद वारा येत होता, बांधावर मेंढ्या चरत होत्या. गेस्केने तीनदा विमान इतके अलगद उतरवले की मला हादराही बसला नाही. फोल्कर्टने तिला कडेला थांबायला सांगितले आणि कानांवरचे हेडफोन काढून ठेवले.

"तीन फेऱ्या मार. मी नसलो की विमान हलकं होतं, पटकन वर जाईल. दचकू नकोस."

"आत्ता? आजच?"

"मग काय, मुहूर्त काढू?"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. फोल्कर्टला हसू आवरेना. तो उतरला, वाकला, माझ्यावरच्या पट्ट्याचे दोन्ही तुकडे हातात घेऊन एकमेकांवर आणले. नेमक्या त्याच क्षणी शेडपाशी एन्नो दिसला. एन्नो म्हणजे क्लबचा मेकॅनिक. तो दोन बोटांची कात्री करून हवेत चालवत होता. दहान कापायची कात्री त्याला सापडत नव्हती. फोल्कर्टने पट्टा सोडला आणि हातांनीच सांगितले, कपाटात, वरच्या खणात, आणि गप बस गाढवा, तिला कळेल. गेस्के ते सगळे पाहून खिदळत होती. तिला केव्हाच कळले होते.

मग फोल्कर्ट वळला. माझ्यावर दोन थापा मारल्या. "आता तुझी पाळी, सांभाळ." दार लावले आणि तो गेला.

टक आवाज आला नव्हता.

गेस्केने उड्डाणापूर्वीच्या तपासणीची यादी वाचली. "उजवा पट्टा," असे मोठ्याने म्हणून तिने माझ्याकडे पाहिले. दोन्ही तुकडे एकमेकांवर नीट पडलेले होते, लावल्यासारखेच दिसत होते. आणि फोल्कर्टने हात लावलेली गोष्ट कोण पुन्हा तपासणार? ती "लावलाय" म्हणाली. मी सगळे जाणत होते, पण खुर्चीला तोंड कुठे असते?

पहिली फेरी छान झाली. ती एकटीच गात होती. दुसऱ्या फेरीला चाके टेकली तेव्हा थोडा हादरा बसला. तुकडे सुटे झाले आणि बक्कल माझ्या पुढच्या कडेपर्यंत घरंगळत आले. तिने पुन्हा उड्डाण केले. बांधावरून आत येताना शेवटचे डावे वळण असते. तिने दांडा डावीकडे नेला, माझ्यासमोरचा दांडाही डावीकडे गेला, त्याच्या उजव्या अंगाला खाचेत फट पडली आणि बक्कल त्या फटीत जाऊन बसले. आता विमान सरळ करायचे तर दांडा उजवीकडे यायला हवा होता. तो येईना.

"हल ना," ती म्हणाली. "अरे, हल ना रे."

विमान कलतच गेले. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. मग तिची नजर माझ्याकडे आली आणि तिला बक्कल दिसले. ती ओरडली नाही. टँकरच्या कुठल्याही झाकणाचा खिळा काढावा तशी ती उजवीकडे वाकली, बोटे खाचेत घातली, आणि तिने ते बक्कल ओढून काढले, मित्रांनो. काढले! दांडा सुटला. तिने तो बरोबर उजवीकडे घेतला. फक्त आमच्या खाली आता हवाच उरली नव्हती.

बांधाच्या अलीकडच्या पाण्याच्या चरात आम्ही पडलो. आग लागली नाही. माझी बहीण चेपून कागदासारखी झाली. मी जवळजवळ तशीच्या तशी राहिले, याची मला आजही लाज वाटते. सगळ्यांत आधी फोल्कर्ट धावत आला आणि त्याच्यामागे एन्नो. एन्नोच्या हातात दहानाची जुडी होती. ती टाकून द्यायचे त्याला सुचलेच नाही. त्याच्या मुठीतून रक्त येत होते आणि तो ती तशीच धरून उभा होता.

चौकशीला शहरातून दोन माणसे आली. पट्टा उघडा सापडला होता, पण बक्कल कुठेच अडकलेले नव्हते. वाचवायला आलेल्या अग्निशमन दलातल्या कुणीतरी तो उघडला असेल, असे त्यांना वाटले. त्यांनी फोल्कर्टला विचारले, "उतरताना पट्टा लावला होतात?"

फोल्कर्ट म्हणाला, "मी नेहमी लावतो."

मी शेडच्या कोपऱ्यात पडून ऐकत होते. ते खोटे नव्हते, पण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते. चौदा महिन्यांनी अहवाल आला. कारण निश्चित सांगता येत नाही, बहुधा कमी उंचीवर विद्यार्थिनीने फार तीव्र वळण घेतले. झाले! गावाला तेवढे पुरले. दुकानात, गोठ्यांत लोक म्हणू लागले, पोरीने टँकर वळवावा तसे विमान वळवले.

हाब्बो तर पहिल्या दिवसापासून तेच धरून बसला होता. एके दिवशी तो ट्रॅक्टर घेऊन क्लबात आला आणि म्हणाला, "तिची खुर्ची द्या." तिची तर उरली नव्हती, म्हणून एन्नोने मला दिले. हाब्बोने मला शेगडीशेजारी ठेवले, पण तो माझ्याकडे पाहायचाही नाही. कुणी भेटायला आले की म्हणायचा, "घाई केली पोरीनं. मी घसा फोडून सांगत होतो." तो तिच्यावर रागावला होता. मेलेल्या लेकीवर रागावलेला बाप पाहणे फार वाईट असते. त्याने तिचा फोटो कपाटात उलटा ठेवला होता. मी तिच्या बोटांचा स्पर्श अंगावर घेऊन त्याच घरात बसले होते आणि मला एक शब्द सांगता येत नव्हता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, दुपारच्या चहाला फोल्कर्ट आला. निम्मा उरला होता. या भागात पाहुण्याला तीन कप चहा द्यायचाच असतो. कपात खडीसाखर, वर साय. पुरे झाले की पाहुणा आपला चमचा कपात ठेवतो, तोवर यजमान ओतत राहतो. हाब्बोने पहिला कप ओतला आणि माझ्यावरून मांजर हाकलले.

"बस. तुझीच जागा आहे ना ती?"

फोल्कर्ट बसला नाही. तो माझ्याकडे बघत उभाच राहिला.

"हाब्बो, मी पट्टा लावला नव्हता."

"कसला पट्टा?"

"या खुर्चीचा. एन्नो कात्री मागत होता, मी हात सोडले. परत लावल्याचं मला आठवत नाही. रोज रात्री मी तो आवाज ऐकायचा प्रयत्न करतो. तो आलाच नव्हता. पट्टा मोकळा होता, तो दांड्यात अडकला असणार. तिची काही चूक नव्हती."

हाब्बोने किटली खाली ठेवली.

"म्हणजे तिनं घाई नव्हती केली?"

"नाही."

"दीड वर्ष," हाब्बो म्हणाला. "दीड वर्ष मी पोरीला शिव्या घालतोय, फोल्कर्ट. तिच्या कबरीपाशी उभा राहून घातल्यात."

"मी उद्या चौकशीवाल्यांना पत्र लिहितो. सगळं लिहितो."

"लिही."

मग हाब्बोने हात लांब केला, टेबलावरचा चमचा उचलला आणि फोल्कर्टच्या न प्यालेल्या कपात स्वतःच ठेवला. पहिल्याच कपात. त्या गावात असे कुणी कुणाला कधी केले नसेल. फोल्कर्टने टोपी घेतली आणि तो गेला. त्याने पत्र लिहिले हे मला ठाऊक आहे, कारण नवा अहवाल टपालाने याच टेबलावर आला. फोल्कर्ट पुन्हा या घरी आला नाही. शिकवणेही त्याने सोडले.

त्या दुपारी तो गेल्यावर हाब्बो माझ्यासमोर जमिनीवर बसला. त्याने पट्ट्याचे दोन्ही तुकडे हातात घेतले. बक्कल कसे लागते ते त्याला माहीत नव्हते, जाड बोटांनी बराच वेळ खटपट केली. शेवटी टक झाले. तो दचकला. मग माझ्या खड्ड्यात डोके ठेवून "गेस्के, गेस्के" म्हणत तो ढसाढसा रडला. या घरात आल्यापासून त्याने तिचे नाव घेतलेले मी पहिल्यांदा ऐकले. संध्याकाळी कपाटातला फोटो सरळ झाला. तेव्हापासून गोठ्यात जाण्यापूर्वी तो रोज माझा पट्टा उघडतो, पुन्हा लावतो, आवाज ऐकतो आणि मगच दार ओढून घेतो.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. माणूस बसलेल्या जागेची काळजी सगळेच घेतात. तुम्ही रिकाम्या जागेकडेही एकदा बघा. जे काम तुम्ही हजार वेळा केले आहे, ते एक हजार एकाव्या वेळी फक्त डोळ्यांनी पाहून सोडू नका. हाताने ओढून बघा. आणि चूक झालीच, तर ती आपल्या तोंडाने लवकर सांगा, कारण तुमच्या गप्प बसण्याखाली कुणा दुसऱ्याचे नाव चिरडले जात असते. फोल्कर्ट वाईट माणूस नव्हता. माझ्यावर बसलेला तो सगळ्यांत चांगला माणूस होता. त्या दिवशी आवाज आला नाही हे फक्त मला कळले होते, आणि गेस्के माझ्याकडे पाहून विश्वासाने म्हणाली होती, "लावलाय."