सुईबाबांचा दोन मिनिटांचा चमत्कार

"हात वर!" खांद्यात सुई टोचून सुईबाबा गरजले, आणि महिनाभर शर्टाची बाही घालताना कळवळणाऱ्या माझ्या भाऊजींचा हात थेट पंख्याच्या दिशेने गेला. सभागृहात जमलेल्या खांदेदुखीवाल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"दवाखान्यातल्या सुईचा गुण यायला दिवस लागतात. आमच्या अमृतसुईला दोन मिनिटं! तिथे औषध, इथे कृपा! उद्या पुन्हा या, कृपा वाढवून घ्या!" कृपेच्या बाटलीवरचं लेबल मात्र खरवडून काढलेलं होतं.

भाऊजी शिंपी. सगळी रोजीरोटी उजव्या खांद्यावर, म्हणून ताई काळजीने अर्धी झाली होती. दुकानात येताच त्यांनी जड इस्त्री उचलली आणि कोटावर कोट दाबत सुटले. टाचण्या शर्टाच्या खांद्यावर खोचायची त्यांची जुनी सवय. ताई एकदम ओरडली, "अहो, रक्त! टाचणी कातडीत रुतलीय!"

"कुठे? मला तर काहीच कळत नाही!" भाऊजी खुशीत म्हणाले.

ताई गंभीर झाली. "दाढ काढली तेव्हा माझा गाल असाच झाला होता. चहा ओघळला तरी पत्ता नव्हता."

संध्याकाळी बधिरपणा ओसरला आणि भाऊजींना कात्रीही धरवेना.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी खांदा तपासला. "सांध्यापाशी मऊ पिशवी असते, ती सुजलीय. तुम्ही सांगता त्यावरून बाबांची सुई नुसती बधिर करणारी दिसते. तेच औषध आम्हीही देतो, पण जोडीला सूज उतरवणारं स्टिरॉइड. त्याचा गुण यायला काही दिवस लागतात, तो कायमचा नसतो, आणि ते वरचेवर घ्यायचं नाही. व्यायाम तर करायचाच. बधिर खांद्याने इस्त्री चालवून तुम्ही दुखणं वाढवलंत."

ताईने आम्हाला तडक सभागृहात नेलं. कालचे सगळे वाढीव कृपेसाठी हजर होतेच.

"काल ज्यांनी सुई घेतली, त्यांनी हात वर करा!" ती म्हणाली.

भराभर हात वर गेले. बाबा खुलले.

"हा नव्हे. सुई घेतलेला हात!" ताईने टोकलं.

एकेक हात खाली आला. दुसरा एकही वर गेला नाही. आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. बाबांनी मागचं दार गाठलं.

"अहो, दाढ काढताना देतात तसलं औषध हे," ताईने समजावलं. "चमत्कार बघून टाळ्या वाजवू नका. दुसऱ्या दिवशी तो तपासा, आणि डॉक्टरांना विचारा."

भाऊजी आता उपचार घेतात, भिंतीवर बोटं चढवत व्यायाम करतात. टाचण्यांची सवय काही सुटली नाही. पण एखादी टोचली की "आई गं!" म्हणून ओरडतात, आणि ताईचा जीव भांड्यात पडतो.