चुरुचुरूचं वाचन

दुसरीच्या माझ्या वर्गात तिला सगळे चुरुचुरू म्हणत. पुस्तक उघडायचा अवकाश, की धडा सुरू. वर्गात कुणी पाहुणे आले की मी तिलाच उभं करायचे.

एकदा ती झाडावर चढणाऱ्या अस्वलाचा धडा वाचत असताना माझं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. तोंड झाडाच्या शेंड्याला पोचलं होतं आणि बोट अजून आधीच्या ओळीतल्या अस्वलाच्या शेपटीवर रेंगाळत होतं. मी मधलाच एक शब्द दाखवला. तो मलाच येत नसावा, अशा मायेने तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, पहिल्यापासून म्हणू का?"

घरी तिची ताई दुसरीत असताना हेच धडे मोठ्याने घोकायची, ते ऐकून हिचं अख्खं पुस्तक पाठ. अक्षरांशी मात्र जेमतेम तोंडओळख.

वाचनाची परीक्षा मोठ्या बाई स्वतः घेतात. वाचता आलं नाही तर पुन्हा दुसरीत. मी गप्प बसले असते तर पोरगी हसतखेळत तिसरीत गेली असती. पण तिसरीचं पुस्तक यंदा नवं निघालंय. ते ताईने घोकलेलं नाही.

मधल्या सुट्टीत तिला घेऊन बसू लागले. तिच्याच घरच्या गोष्टी ऐकून वाक्यं लिहून दिली. दुसऱ्या दिवशी तीही पाठ. मी कपाळाला हात लावला, मग कात्री घेतली. शब्द सुटे केले आणि पत्त्यांसारखे पिसले. चुरुचुरू रडकुंडीला आली, माझ्यावर रुसली, पण अक्षर अक्षर लावू लागली. पुढे एका दुपारी ती आपली आपण फिसकन हसली. समोरच्या पट्ट्यांवर आलं होतं, ‘मांजर काकाला दूध पाजते’. मी काहीच वाचून दाखवलं नव्हतं.

परीक्षेला मोठ्या बाईंनी नेमका अस्वलाचा धडा काढला. चुरुचुरू अडखळत, थांबत, एकेक शब्द उचलू लागली. ही तर घडाघडा वाचायची, बिघडली कशी, असं त्यांनी मला हळूच विचारलं.

"तेव्हा म्हणून दाखवत होती," मी म्हटलं. "आता वाचतेय."

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. त्यांनी पुस्तक मिटायला हात पुढे केला, तशी चुरुचुरूने पान दाबून धरलं.

"थांबा ना. अस्वल पडलं का ते बघायचंय."

तुला ठाऊक नाही का गं, असं त्यांनी विचारलं.

"ठाऊक आहे. पण इथे तसंच लिहिलंय का ते बघते."

मोठ्या बाई खुर्चीत मागे टेकल्या. दाराबाहेर रांगेतल्या पोरांचा गलका वाढत गेला, तरी त्यांनी तिला शेवटच्या ओळीपर्यंत जाऊ दिलं. मग तिसरीत जाणाऱ्यांच्या बाकाकडे बोट दाखवलं.