सिग्नलला बंद पडणारी गाडी

मुलाने आग्रहाने घ्यायला लावलेल्या आमच्या गाडीला एक खोड आहे. सिग्नलला थांबलं की इंजिन आपोआप बंद पडतं आणि ब्रेकवरून पाय काढला की पुन्हा चालू होतं. पेट्रोल वाचतं म्हणे. बायको होती तोवर मला त्याचं काही वाटलं नाही. इंजिन गप्प झालं रे झालं की ती बोलायला लागायची आणि पहिला प्रश्न ठरलेला, "गॅस बंद केला ना तुम्ही?"

मी दर वेळी उखडायचो. "केला! आता लेखी देऊ का?"

ती गेली आणि सिग्नल अंगावर येऊ लागले. त्या शांततेत शेजारची रिकामी सीट दिसायची आणि मला रडू फुटायचं. म्हणून लांब जाणंच सोडलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला माझी थोरली बहीण एकटी राहते. दर रविवारी तिचा फोन, "येतोस का रे?" दर रविवारी माझी नवी थाप. गाडी फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न्यायची, दूध-पाव घ्यायचा आणि परत.

अलीकडे एक बरं झालं होतं. कोपऱ्यावरच्या सिग्नलला इंजिन बंद पडेनासं झालं. जन्मभर जमिनींची मोजणी केलेला माणूस मी, भलत्या समजुती बाळगणारा नव्हे. पण मला खरंच वाटलं, गाडीला माझी दया आली. कौतुकाने तिला धुतलंसुद्धा.

काल बहिणीचा फोन आला. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आज दुपारी पट्टी काढायची होती. "तू नेशील का? पट्टी सुटल्यावर पहिलं तोंड आपल्या माणसाचं दिसू दे." या वेळी थाप मारवेना. हो म्हणालो, आणि आज सकाळी गाडी चालूच होईना.

बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याने मीटर लावला आणि मान हलवली. "काका, सिग्नलला बंद होणं थांबलं होतं ना हिचं?"

"हो. सुधारली होती."

"सुधारली कसली! बॅटरी कमजोर झाली की गाडी मधे बंद होतच नाही. बंद पडलो आणि पुन्हा चालू होता आलं नाही तर, ही भीती असते तिला. त्यात तुमच्या त्या दुकानापर्यंतच्या फेऱ्या. एवढ्यात चार्ज कुठला व्हायला? घरी बसवून बॅटरी टिकत नसते, काका. लांब काढा हिला."

तो गाडीबद्दलच बोलत होता. तरी ते मला वर्मी लागलं.

अशा गाडीला साधी बॅटरी चालत नाही, सारखं चालू-बंद सोसणारी लागते. ती त्याने बसवली. "आता सिग्नलला पुन्हा बंद होईल. नको असेल तर हे बटण. फक्त दर वेळी गाडी काढताना दाबावं लागेल."

निघताना मी बटणावर बोट ठेवलं. मग काढून घेतलं.

पहिल्याच सिग्नलला इंजिन गप्प झालं. तीच शांतता, तीच सीट.

"केला," मी मोठ्याने म्हणालो. "बंद केला गॅस."

मागून हॉर्न वाजला. पाय उचलला आणि गाडी निघाली.

बहिणीच्या दारापर्यंत आणखी अकरा सिग्नल लागले. अकराही वेळा मी बायकोला तेच उत्तर दिलं, आणि एकदाही उखडलो नाही.