वॅफलची शेपटी

टॉडसारखा केसानं गळा कापणारा माणूस मी स्टुडिओंनी भरलेल्या उभ्या बर्बँक शहरात पाहिला नाही. वर्नाचा गळा तर डॉक्टरांनी आधीच कापलेला होता.

आमच्या कार्टूनमध्ये वॅफल नावाचं खारीचं पोर होतं. वर्ना त्याचा आवाज, मी त्याच्या आईचा. मालिकेच्या शेवटच्या वर्षी वर्नाच्या स्वरयंत्रावर गाठ आली. एका दुपारी "आई, मी आलो" एवढं साधं वाक्य म्हणताना तिचा आवाज फाटला. पुन्हा म्हटलं, पुन्हा फाटला. शेवटी ती माइकसमोरच रडायला लागली.

"घाबरू नको, हे पुसून टाकतो," काचेपलीकडून टॉड म्हणाला. तो आमचा निर्माता.

ऑपरेशननंतर वर्ना आरशासमोर उभी राहून वर्षभर घसा घडवत राहिली. वॅफलवर सिनेमा निघणार होता आणि तिला तो रोल हवा होता. बाकी तिला जगात काही नको होतं.

सिनेमाच्या आधी मालिकेचा डीव्हीडी संच बाजारात आला. त्यात आमच्या गप्पा, गाळलेले प्रसंग आणि मेनूत लपवलेल्या गमती होत्या. दुकानात सह्या देत बसलो होतो, तेव्हा एक टकल्या चाहता पुढे आला.

"तिसऱ्या डिस्कच्या मेनूत वॅफलच्या शेपटीवर जाऊन बटण दाबायचं. मी रोज लावतो. हसून हसून पोट दुखतं."

"काय लागतं तिथे?" वर्नानं विचारलं.

त्यानं दुकानातल्या टीव्हीवर लावूनच दाखवलं. फाटलेलं "आई, मी आलो", मग तिचं रडणं, आणि त्या रडण्याला टॉडनं जोडलेला सर्कशीचा बँड. अख्खं दुकान खिदळलं.

वर्ना उठली आणि तेच वाक्य वॅफलच्या खऱ्या आवाजात बोलली. इतका शाबूत आवाज, की माझ्या अंगावर काटा आला.

"हा नको," टकल्या म्हणाला. "तो फाटका काढा ना."

टॉड शेजारी कॉफी पीत उभा होता. "बघ, लोकांना काय आवडतंय," तो तिला म्हणाला. "सिनेमातला वॅफल एका मोठ्या नटीला दिलाय. पण तुझ्यासाठी एक सीन घातलाय. त्याला सर्दी होते आणि तो घरी येतो. तेच वाक्य."

"मेल्या, थोडी तरी लाज ठेव," मी म्हणाले.

वर्नानं माझा हात दाबला. "एक वाक्य तर एक वाक्य. पडद्यावर नाव येईल ना?"

"येईल की."

रेकॉर्डिंगला मी तिच्या शेजारीच होते. तिनं फाटका आवाज काढून पाहिला, मुद्दाम खोकली, ओरडली. घसा बरा झाला होता, तो काही केल्या फाटेना.

"नाटकी वाटतंय गं," टॉड म्हणाला. "तू आता फारच छान बोलतेस."

"उद्या येते ना. रात्रभर किंचाळते, बसेल आवाज."

"कशाला जिवाला त्रास? डिस्कवरचा आहेच की." त्यानं इंजिनिअरला खूण केली. स्पीकरमधून वर्नाचा जुना आवाज फाटत आला आणि रडू फुटायच्या आत कापला गेला. "बसलं. फक्कड."

"आणि माझं नाव?"

"तू आज काही रेकॉर्डच केलं नाहीस, वर्ना. नाव कशाचं घालू?" मग तो माझ्याकडे वळला. "चल, आई, तुझं उत्तर घेऊ."

मला नीट उभं राहता यावं म्हणून वर्ना माइकपासून बाजूला सरकली. स्पीकरमधून पुन्हा तोच आवाज आला.

"आलास का रे, बाळा?" मी म्हणाले. पहिल्याच झटक्यात पास झालं.